सोलापुरात स्केटिंग कुठं करता? आपापले अनुभव सांगा

मी सुरुवात करते. मी चाळिशी ओलांडलेली, दीड वर्षापूर्वी लेकीमुळं या नादाला लागले. तिनं २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमधली ३००० मीटर रिले बघितली, ज्यात आपल्या मुलांनी पण ब्राँझ आणलं आणि मुलींनी पण, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच धोशा, मला असले एका ओळीत चाकं असलेले स्केट्स पाहिजेत. आणले. मग प्रश्न आला, चालवायचे कुठं? आम्ही आधी होम मैदानाकडं गेलो, पण मैदान म्हणजे माती, आणि जानेवारीत तर तिथं सिद्धेश्वर यात्रेची जत्रा, म्हणजे गड्डा भरतो म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. शेवटी जुळे सोलापुरात नवीन प्लॉटिंगमधले आतले रस्ते सापडले. घरं कमी, गाड्या कमी, डांबर अजून उखडलेलं नाही. सकाळी ६ ते ७, बास. सातनंतर स्कूलव्हॅन सुरू होतात. मी स्वतः तिथंच शिकले, दोन महिने नुसतं दिव्याच्या खांबाला धरून उभं राहायला गेले तरी लै आनंद व्हायचा, अजून होतो. आता तुम्ही सांगा, शहरात कुठं कुठं जाता.

०००

आम्ही पूर्व भागात राहतो, इथं गल्लीगल्लीत यंत्रमाग. रस्ता बरा असला तरी सुताचे तुकडे आणि तूस सगळीकडं पडलेलं असतं आणि ते चाक नि फ्रेमच्या मधे ॲक्सलला गुंडाळून बसतं. माझ्या पोराची दोन चाकं फिरायचीच बंद झाली, आम्हाला वाटलं बेअरिंग गेलं, दुकानात नवीन घ्यायला निघालो होतो. चाक काढून बघितलं तर आत टॉवेलच्या सुताचा अख्खा गोळा! आता दर रविवारी ॲलन की, म्हणजे चाकाचे स्क्रू काढायचा पाना घेऊन बसतो, आठच्या आठ चाकं काढतो, चिमट्यानं धागे ओढतो, बेअरिंग कोरड्या फडक्यानं पुसतो. पाण्यानं धुवू नका कुणी, गंज धरतो. आणि परत लावताना चाकं जागा बदलून लावा, आतली बाजू बाहेर करून, कारण आतल्या बाजूनं जास्त झिजतात. जागेचं म्हणाल तर आम्ही सुट्टीच्या दिवशी गाडीवर पोराला विजापूर रोडच्या बाजूला आणतो, आमच्याकडं जागाच नाही.

०००

गट्टूवर जाऊ नका. पेव्हर ब्लॉकवर पाच मिनिटांत पोटऱ्या बधिर होतात.

०००

वरच्या ताईंनी प्लॉटिंगचं सांगितलं ते बरोबर, पण एक सांगतो, रस्ता आदल्या दिवशी पायी फिरून बघा. मी तसं न करता एका नव्या कॉलनीत उतारावर गेलो, वळणावर कुणीतरी बांधकामाची बारीक कच सांडलेली, चाकं जागच्या जागी थांबली आणि मी पुढं. मनगटाला गार्ड होता म्हणून हाड वाचलं, कोपराला नव्हता तिथं सात टाके. आता मी शिकणाऱ्याला आधी पडायलाच शिकवतो, गुडघे वाकवून पुढं, नीपॅडवर. मागं पडायचं नाही. आणि टाचेचा ब्रेक काढून टाकू नका, भारी दिसतं म्हणून पोरं काढतात. तो बहुतेक उजव्या बुटाला असतो, ते पाऊल थोडं पुढं सरकवायचं, पंजा उचलायचा आणि टाच दाबायची, आधी सपाट जागेवर शंभरदा करा आणि मग उताराचं नाव काढा.

०००

उन्हाळ्याचं कुणी बोललंच नाही! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, संध्याकाळी सहाला पण डांबरातनं वाफ येते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला ट्रिमिक्स काँक्रीट केलंय, एकदम गुळगुळीत, आम्ही एप्रिल-मेमध्ये रात्री नऊनंतर तिथंच. सुरुवातीला दोन काका ओरडले, आवाज होतो म्हणून, आणि त्यांचं पण बरोबर होतं, खाली चाकं घरंगळली की वर घुमतं. मग ठरलं, साडेदहाला बंद आणि वाजवायची गाणी बंद. आता त्यातल्याच एका काकांची नात येते.

०००

माझं मंगल कार्यालय आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल रिकामा असतो आणि बाहेर पाऊस असतो, ओल्या डांबरावर ही चाकं घसरतात. तीन वर्षं झाली, मी आषाढी एकादशीनंतर आठवड्यातनं दोन संध्याकाळी हॉल गल्लीतल्या पोरांना उघडून देतो, पैसे घेत नाही. अट दोनच. हेल्मेट पाहिजे, आणि ब्रेकच्या रबराचे काळे पट्टे फरशीवर उठले तर पुसून जायचं. पोरं स्वतःच टी-स्टॉप शिकली, मागचं पाऊल आडवं ओढून थांबायचं ते, पण त्यानं चाकं झिजतात म्हणे. हॉलची फरशी पॉलिशची आहे, कडक चाकं सटकतात, ७८ ते ८० ए कडकपणाची मऊ चाकं धरतात असं एका पोरीनं मला समजावलं, मला त्यातलं काय कळत नव्हतं. हॉल रिकामा पडलेला मला बघवत नाही, पोरांचा आवाज आला की बरं वाटतं.

०००

दादा, तुमचं वाचून मला भरून आलं. चातुर्मासात आम्ही दोघी आलो तर चालेल का? मी स्वतः फरशी पुसीन.

आणि पूर्व भागातले भाऊ, पोराला रविवारी सकाळी सहाला जुळे सोलापूरला आणा, आमचा रस्ता आदल्या संध्याकाळी मी झाडूनच ठेवते. ॲलन की तेवढी बरोबर घ्या, लेकीचं पुढचं उजवं चाक आठवडाभर करकरतंय.