विमानं डोक्यावरून न्यायचीच असतील, तर आधी सांगून न्या

पायवाट:
संध्याकाळी तासभर शेतांच्या कडेने चालतो. फोन घरीच ठेवतो, कारण युद्धाच्या बातम्या वाचून वाचून झोप उडालीय. काल चंडोल गात वर चढत होता, मी मान वर करून त्याला शोधत होतो. तेवढ्यात टेकाडाआडून दोन लढाऊ विमानं आली. दिसली तेव्हा डोक्यावरच होती. पुढे चाललेले एक आजोबा मटकन खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर. नंतर उठले, गुडघ्याची माती झटकली आणि माझ्याकडे न बघता चालू लागले.
एरवी 'काय हा आवाज!' म्हणून सोडून दिलं असतं. हल्ली पहिला विचार येतो, सुरू झालं की काय? सराव बंद करा असं म्हणत नाही. आधी कळवा, एवढंच. ब्रिटनमध्ये तीन ठरावीक भागांत लढाऊ विमानांना ३० मीटरपर्यंत खाली यायची मुभा आहे. त्या उड्डाणांच्या वेळा तिथलं संरक्षण मंत्रालय आधी जाहीर करतं.

रडारखाली:
साफ असहमत. हौस म्हणून कुणी इतकं खाली उडत नाही. रडारची नजर सरळ रेषेत जाते. डोंगर आणि पृथ्वीचा बाक यांच्या आड राहिलं तर विमान उशिरा दिसतं. ताशी ८०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२० मीटर. त्या वेगात दरीतून वळायचं कसब सिम्युलेटरवर पुरतं येत नाही. आणि काळ चिंतेचा आहे म्हणूनच सराव वाढलाय ना? तुम्हाला नेमका तेव्हाच कमी हवाय!

पायवाट:
कमी कुठे म्हटलं? पुन्हा वाचा.

कानात_कापूस:
अवांतर, पण दचकण्याचं गणित सांगतो. याच वेगाने येणारं विमान एक किलोमीटरवर असताना निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला साधारण तीन सेकंद लागतात. विमान स्वतः साडेचार सेकंदांत पोचतं. हाताशी उरतो दीडच सेकंद, आणि मध्ये टेकाड असेल तर तोही नाही. आजोबा घाबरट नाहीत हो, शरीराला विचार करायला सवडच मिळत नाही.

निम्मी_झोप:
आधी सांगून सगळं भागतं हा भ्रम आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने रोज आठेक वेळा स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) विमानांचे स्फोटासारखे आवाज मुद्दाम केले, जाहीर करून. शेवटीही साधारण पाव लोक म्हणाले, हे आम्हाला कायमचं सोसणार नाही.

पायवाट:
म्हणजे बाकीच्या बहुतेकांना सोसलं. माझ्याच बाजूचा पुरावा दिलात की!

निम्मी_झोप:
उरलेल्या पाव लोकांनी जायचं कुठे? कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये नाटोची विमानं खालून उडायची. तिथले मूळ रहिवासी इन्नू लोक १९८८ मध्ये गूस बे हवाई तळाच्या धावपट्टीवर जाऊन बसले. ते वेळापत्रक मागायला गेले नव्हते. आमच्या शिकारीच्या भूमीवर विमानंच नकोत, असं म्हणत होते.

रडारखाली:
कुणावर खरे बॉम्ब पडताहेत आणि इथे चंडोल गायचा थांबला म्हणून धागा! लाज वाटायला हवी थोडी. वेळापत्रकाचं म्हणाल तर नेहमीच्या सरावाला चालेल, मान्य. पण ऐनवेळी ठरणाऱ्या उड्डाणांचं काय? एकदा यादी द्यायची सवय लावलीत की यादीत नसलेलं विमान आलं त्या दिवशी अख्खा गाव हात डोक्यावर धरून बसेल.

कानात_कापूस:
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

पायवाट:
हो, आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही. लाजेचं मात्र पटलं नाही. सराव आणि हल्ला यांचा आवाज सारखाच असतो, आणि ज्यांनी खरा हल्ला पाहिलाय तेच आधी खाली बसतात. आज आजोबा पुन्हा भेटले. 'किती वाजले?' विचारावं तसं विचारलं, "आज येणारेत का?"
मला तरी कुठे माहीत.