अनुभव धागा : वारंवार विमानाने जाणारे बेळगावकर, तुम्ही पुढे (बिझनेसमध्ये) बसता की मागे (इकॉनॉमीत)?

गेल्या रविवारी कपाट आवरताना कुंद्याच्या रिकाम्या डब्यात साठवलेले बोर्डिंग पास हाताला लागले. खाली बसून सगळे मोजले. वर्षभरात ३४ उड्डाणं. त्यातली ३१ इकॉनॉमी, दोन प्रीमियम इकॉनॉमी आणि एक बिझनेस. त्या एका बिझनेसचे पैसेही माझे नव्हते. मागची केबिन भरून गेली होती, म्हणून दारातच दुसरा पास हातात दिला.

हे लिहायचं कारण असं की, वडगावला एका लग्नात मावशी म्हणाली, "तू काय बाई, सारखी विमानात, पुढंच बसत असशील." बऱ्याच जणांची हीच समजूत असते. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी बिझनेस आणि फर्स्ट मिळून फक्त ६ टक्के होते. आपल्या सांबरा विमानतळावरून इंडिगोच्या एटीआरने (पंख्याच्या छोट्या विमानाने) निघालं तर पुढची केबिन हा प्रकारच नाही. ७८ खुर्च्या, सगळ्या एकाच वर्गाच्या. दारही मागच्या बाजूला, त्यामुळे पहिल्या रांगेतला माणूस सगळ्यात शेवटी उतरतो. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये मात्र पुढे १२ बिझनेस आणि मागे ६४ इकॉनॉमी असा भाग पाडलेला आहे.

तर सारखा प्रवास करणाऱ्यांनी लिहा : वर्षाला किती वेळा जाता, त्यातलं पुढे किती, आणि ते पैसे कोण भरतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोकळेपणानं द्या, खरी गोष्ट तिथेच कळते.

उद्यमबाग, फाउंड्री

वर्षाला देशात पंचवीसेक वेळा, जर्मनीला एक-दोनदा. देशात एकदाही बिझनेस नाही. बेंगळूरला जेमतेम तासाभराचं अंतर, त्यासाठी जादा पैसे मोजायला मन होत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी झाला, इकॉनॉमीवर तो पाचच आहे.

जर्मनीचं वेगळं. २०२३ च्या जूनमध्ये ड्युसेलडॉर्फला गिफा होतं, ओतकामाचं मोठं प्रदर्शन. चार वर्षांनी एकदा भरतं. मी इकॉनॉमीत मधल्या खुर्चीवर रात्र काढली आणि सकाळी थेट ग्राहकासमोर बसलो. त्याने कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) ड्रॉइंगवर एका टॉलरन्सवर, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकावर, बोट ठेवलं, मी होकारार्थी मान हलवली. हॉटेलवर जाऊन झोपून उठल्यावर लक्षात आलं, तेवढ्या मापात आपल्याकडे मशिनिंगशिवाय काम निघणारच नाही. रात्री नऊला फोन करून शब्द मागे घ्यावा लागला. वीस वर्षांत ती वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

तेव्हापासून नेम ठरवला आहे. रात्रीचं उड्डाण आणि उतरल्याबरोबर बैठक असेल तर जाताना बिझनेस, कारण खुर्ची पूर्ण आडवी होते आणि पाच-सहा तास खरी झोप लागते. येताना कायम इकॉनॉमी. घरी येऊन झोपायचंच असतं. पैसे कंपनीचे, पण कंपनी माझी आणि भावाची, म्हणजे खिसा आपलाच.

चिकोडी

वर्षाला बारा-चौदा वेळा, बिझनेस शून्य. उंची ६ फूट २ इंच. वेब चेक-इन उघडल्याबरोबर संकटकालीन दाराजवळची सीट पैसे भरून घेतो. गुडघे सुटतात, बास.

खानापूर, सध्या जहाजावर

आम्हा जहाजावरच्यांची तिकिटं कंपनी काढते, मरीन फेअरवर. हे भाडं वेगळंच असतं. तारीख बदलायला सोपं, सामान बरंच जास्त नेता येतं, पण बसायचं इकॉनॉमीतच. देशातल्या साध्या तिकिटावर १५ किलो मिळतात, आमच्या बॅगेत बूट, बॉयलर सूट, सहा महिन्यांचे कपडे आणि आईने दिलेलं मेतकूट. मला सामानच महत्त्वाचं वाटतं. चौदा वर्षांत एकदाच पुढे बसलो. घरून वाईट बातमी आली होती, मिळेल त्या पहिल्या विमानाने पाठवलं आणि त्यात तीच एक जागा उरली होती. त्या प्रवासातलं काही आठवत नाही.

निपाणी, सल्लागार कंपनीत

आम्हाला सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ, म्हणून बहुतेक तिथूनच सुरुवात. वर्षाला पन्नासच्या वर उड्डाणं होतात. कंपनीचं धोरण स्वच्छ आहे : देशात इकॉनॉमी, परदेशी लांबच्या प्रवासात वरिष्ठांनाच बिझनेस. मी अजून त्या पायरीवर नाही. त्यामुळे पुढची केबिन मिळाली ती सारख्या प्रवासातून साठलेल्या पॉइंटवर किंवा बोली लावून, म्हणजे पुढच्या रिकाम्या सीटसाठी जादा किती देणार ते विमान कंपनीला कळवून.

बोलीबद्दल सावध करते. एकदा इकॉनॉमीच्या तिकिटावर बोली लावली, ती लागली, कार्डवरून पैसे गेले. विमानतळावर गेल्यावर कळलं की विमान बदललंय आणि नव्या विमानात पुढची केबिनच नाही. काउंटरवरची मुलगी बिचारी माफी मागत होती, तिच्या हातात काही नव्हतं. पैसे परत मिळायला अकरा आठवडे आणि नऊ मेल लागले. बोली मंजूर झाल्याचा मेल, पैसे कापल्याचा मेसेज आणि प्रत्यक्ष मिळालेला बोर्डिंग पास, तिन्हीचे फोटो ठेवा. माझे पैसे त्या तिसऱ्या फोटोमुळे आले.

सारखं फिरून जे कार्ड मिळतं त्याचा मला खुर्चीपेक्षा उपयोग होतो तो जादा सामान आणि लाउंजसाठी. कनेक्शन चुकलं की स्वच्छ बाथरूम आणि गरम जेवण फार मोलाचं असतं, विशेषतः बाईमाणसाला.

टिळकवाडी

मी स्वतः वर्षाला सात-आठ वेळा जाते, इकॉनॉमीनेच. लिहायचं आहे ते आईबद्दल. तिचं वय ७४, माझा भाऊ अमेरिकेत. मुंबईहून थेट गेलं तरी सोळाएक तास. पहिल्या खेपेला इकॉनॉमीत गेली. उतरताना पाय इतके सुजले होते की चपला पायात जाईनात. पिशवीत घालून, मोज्यांवरच इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिली. ते तिनं आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं.

चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तर जास्तच. म्हणून दुसऱ्या खेपेला तिघा भावंडांनी पैसे घातले आणि बिझनेस काढलं, फक्त जाण्याचं. परतीच्या वेळी भाऊ सोबत होता. तो दर तासाला तिला उठवून चालवायचा. डॉक्टरांनी माप घेऊन दिलेले घट्ट पायमोजे दोन्ही वेळा घातले होते. आणि एक सांगते, व्हीलचेअर मागायला बिझनेसचं तिकीट लागत नाही. इकॉनॉमीतही मिळते, तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा.

त्या खेपेला उतरल्यावर तिनं पहिला फोन मला केला. कशी होती खुर्ची, जेवण काय दिलं, हे मीच विचारत होते. ती म्हणाली, "चपला घातल्यात गं."

धागाकर्ती

टिळकवाडी, पायमोज्यांचं माप बेळगावातच घेतलं का, ते सांगा. माझी आई मार्चमध्ये बहिणीकडे निघाली आहे आणि तिचं तिकीट अजून काढायचंय.