गोठणगावच्या तिबेटी शेजाऱ्यांसाठी आपल्या सरकारनं बोलावं की गप्प बसावं?

धानपट्टी, अर्जुनी मोरगाव
आमच्या तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. नॉर्गेलिंग तिचं नाव. बाकी विदर्भाला हे लोक हिवाळ्यात स्वेटर विकणारे म्हणूनच ठाऊक. पण १९५९ मध्ये तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, चीनविरुद्ध झालेला उठाव ते दर १० मार्चला आठवतात, आणि तो दिवस आला की मला एक गोष्ट टोचते.

१९५९ मध्ये दलाई लामांना आपण आसरा दिला. त्याच वर्षी आयर्लंड आणि मलायानं संयुक्त राष्ट्रांत तिबेटवर ठराव आणला. तो ४५ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला, आपण तटस्थ राहिलो. १९६५ मध्ये मात्र अशाच ठरावाच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे मनात आणलं तर बोलता येतं. मग २०१२ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ दिल्लीत आले, तेव्हा तिबेट्यांच्या वस्तीभोवती पोलिसांचा वेढा कशाला? २०१८ मध्ये तर ही माणसं भारताचे आभार मानायला दिल्लीत कार्यक्रम करणार होती. केंद्रानं नेत्यांना आणि अधिकाऱ्यांना तिकडे फिरकू नका म्हटलं, आणि कार्यक्रम धरमशालेला न्यावा लागला. आभार मानायला आलेल्या माणसाला आपल्या गावात कोणी दारातून परत पाठवतं का?

चीनशी लढा, असं मी म्हणत नाही. आपल्या भूमीवर फलक घेऊन शांत उभा राहणारा माणूस उचलू नका. आणि १९९५ मध्ये सहा वर्षांचा असताना चीननं नेलेला पंचेन लामा, म्हणजे तिबेटींचा दलाई लामांनंतरचा मोठा धर्मगुरू, कुठे आहे, हे प्रत्येक बैठकीत विचारा.

माजी सैनिक, तुमसर
भाऊ, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. मी लडाखात हिवाळे काढले आहेत. दिल्लीत उच्चारलेल्या वाक्याची किंमत चौकीवरचं पोरगं मोजतं. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले, ते विसरू नका.

नॉर्वेचं पाहा. २०१० चं शांततेचं नोबेल चीनच्या तुरुंगातल्या लिऊ शियाओबो या लेखकाला दिलं ते समितीनं, सरकारनं नाही. तरी चीननं सहा वर्षं संबंध गोठवले, त्यांच्या सॅल्मन माशाची विक्री बसली. २०१४ मध्ये दलाई लामा ऑस्लोला गेले, तर सरकारातलं कोणी भेटलं नाही. एवढा श्रीमंत देश, आणि चीनशी त्याची सीमाही नाही! आपण जमीन दिली, शाळा दिल्या. हे काम गाजावाजा न करता चालतं म्हणूनच टिकलं आहे.

धानपट्टी
फौजीभाऊ, तुमच्या हिवाळ्यांपुढे मी काय बोलणार. पण गलवानच्या आधी आपण तिबेटवर असं काय बोललो होतो? गप्प राहूनही किंमत त्याच पोरानं मोजली. आणि मोर्चा होऊ देणं हा परराष्ट्र खात्याचा विषयच नाही, तो आपल्या घरचा कायदा आहे.

पऱ्हाटी, पांढरकवडा
मले ठरावात काही दम दिसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुसलमानांवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत नुसती चर्चा करायची होती, तेही १९ विरुद्ध १७ नं पडलं. ११ तटस्थ, त्यात आपण. पाकिस्तान अन् कतारनं तर विरोधात मत दिलं. धर्मभाऊ म्हणवणारेच असे, तर दुसऱ्याचं काय घेऊन बसता?

झोंबते ते फक्त गिऱ्हाईक तुटल्यावर. चीनचा ८० टक्क्यांच्या वर कापूस शिनजियांगचा. जून २०२२ पासून अमेरिकेचा कायदा हाय, तिथला माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे आणणाऱ्यानंच सिद्ध करायचं. हे आपल्याही कामाचं हाय. मी वेचणीले बाया लावतो, किलोमागं मजुरी देतो. धाकानं वेचून घेतलेला कापूस बाजारात आला, तर माह्या मालाले भाव कसा भेटन?

माजी सैनिक, तुमसर
अमेरिकेला ते जमतं, कारण तिचा बाजार मोठा आहे. आपल्या औषधांचा कच्चा माल चीनमधून येतो. तो थांबला तर तालुक्याच्या दवाखान्यात काय देणार?

वकील, साकोली
धानपट्टी, घरचा कायदा म्हणता तिथं एक अडचण आहे. शांततेनं जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नं दिला तो नागरिकांना. परदेशी माणसाला कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) चा आधार आहे, १९ चा नाही. निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, म्हणून त्यांचं सगळं सरकारच्या मर्जीवर चालतं.

पण २६ जानेवारी १९५० पासून जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक आहे. तिबेट्यांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० आणि २०१६ मध्ये हे मान्य केलं. म्हणजे नॉर्गेलिंगमध्ये पहिल्या १५ वर्षांत जन्मलेल्यांना कलम १९ पूर्णपणे लागू होतं. त्यांना पाहुणे म्हणणंच चूक.

माजी सैनिक, तुमसर
हे मला ठाऊक नव्हतं. नागरिक असेल तर त्याला अडवू नये, इथपर्यंत मी तुमच्यासोबत. चीनला सुनावण्याबद्दल माझं मत तेच आहे.

धानपट्टी
वकीलसाहेब, याचे कागद कोणते लागतात, तेवढं सविस्तर लिहा. वसाहतीतला माझा एक मित्र १९८१ चा आहे. तो अजून परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक नवं करायला चकरा मारतो. उद्या सकाळी त्याच्याकडे जातो, जन्मदाखला आहे का विचारतो.