मदत हवी आहे: कायम कामगारांना व्हीआरएस, कंत्राटींच्या सेवेचा हिशेब कसा?

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात कायम कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटलेत. त्याच सीएनसी मशिनवर आम्ही कंत्राटी आहोत. वर्षाला 240 दिवस भरतात, पीएफ-ईएसआय कापलं जातं. मध्ये ठेकेदार बदलला, म्हणून पीएफच्या पासबुकात दोन आस्थापना दिसतात, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) एकच. वेतनचिठ्ठ्या, गेटपास जमवलेत. नेमणूकपत्र कुणालाच नाही. ‘ऑर्डर संपली की काम संपलं’, असं ठेकेदार तोंडी सांगतो, लेखी देत नाही. युनियन फक्त कायम कामगारांची. कामगार कपात झाल्यास एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, इथवर माहीत आहे. जुन्या ठेकेदाराकडची वर्षं त्यात कशी धरून घ्यायची? सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करताना कंपनीलाही पक्षकार करायचं का?