चालत्या गाडीची अख्खी वीज जाते आणि दहा मिनिटांनी आपोआप येते – मदत हवी आहे

उंबरठा:
मंडळी, नमस्कार. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किमी झालेली. गेल्या तीन आठवड्यांत दोनदा एकच प्रकार झालाय. आता गाडी गावाबाहेर काढायची हिंमत होत नाही.

पहिल्यांदा चिपळूणहून कराडला येत होते. कुंभार्ली घाट, रात्रीचे साडेआठ, धो धो पाऊस, शेजारी सासरे. एका वळणावर सगळंच एकदम गेलं. हेडलाइट, वायपर, डॅशबोर्ड, इंजिन. आधी दिवे मंद झाले नाहीत, बॅटरीचा लाल दिवाही लागला नाही. घरातला मेन स्विच कुणी पाडावा तसं. स्टिअरिंग जड झालं. ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांना नीट लागला, पुढे पेडल लाकडासारखं. चढ होता म्हणून गाडी आपसूक थांबली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. चारही इंडिकेटर लावायला गेले तर तेही मेलेले. सासऱ्यांनी त्या पावसात उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि मोबाईलचा टॉर्च हलवत उभे राहिले. किल्ली फिरवली तर साधी ‘टिक’ नाही. दहाएक मिनिटांनी सहज पुन्हा फिरवली, तर जणू काही घडलंच नाही अशी सुरू. तिथून कराडपर्यंत नीट आली.

दुसऱ्यांदा गावातच, संध्याकाळी, सिग्नलला. एसी, वायपर, दिवे चालू होते. पाच मिनिटांत परत आली. सकाळी ऑफिसला रोज नेते, तेव्हा एकदाही नाही.

गॅरेजमध्ये मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर काम करत असताना, १४.२. “बॅटरी ओके, अल्टरनेटर ओके, वहिनी. साहेबांना फोन लावून द्या, मी सांगतो त्यांना.” (साहेबांना बॉनेट उघडता येत नाही, पण ते असो.) बॅटरी चार महिन्यांपूर्वीच बदललीय, माणूस घरी येऊन बसवून गेला. दुसरा वायरिंगवाला म्हणतो इग्निशन स्विच (किल्लीमागचा स्विच) बदला. दाखवायला नेली की गाडी शहाण्या मुलासारखी वागते.

स्विच बदलू का? पुढच्या आठवड्यात पुन्हा चिपळूणला जायचंय.

निवांत_पांथस्थ:
आमच्याकडे सेम झालं होतं. अल्टरनेटर बदलला, विषय संपला.

तांब्याची_तार:
अल्टरनेटर असा मरत नाही हो. तो गेला की आधी लाल दिवा लागतो, मग गाडी उरलेल्या बॅटरीवर बराच वेळ चालते, दिवे पिवळे पडत जातात. इथे तसं काहीच नाही.

उंबरठाताई, एक प्रश्न. फालतू वाटेल, पण नीट आठवून सांगा. गाडी परत सुरू झाली तेव्हा घड्याळ बरोबर होतं का? आणि ट्रिप मीटर?

उंबरठा:
अहो, घड्याळ दोन्ही वेळा १:०० दाखवत होतं! ट्रिप शून्य. मला वाटलं त्याचं वेगळंच काही बिघडलंय.

जुनी_एसटी:
बॅटरी चार महिन्यांपूर्वी बदलली म्हणालात तिथेच पाल चुकचुकली. पुष्कळदा नव्या बॅटरीचा पोल (वरचा शिशाचा खुंट) बारीक निघतो, वायरीचा जुना क्लॅम्प त्यावर आवळतच नाही. मग मध्ये खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा ठोकून माणूस निघून जातो. टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी फिरलं तरी चोर सापडला.

तांब्याची_तार:
एसटीबुवा, दिशेला +१. पण एक गोष्ट बसत नाही. चालू गाडीत टर्मिनल सुटलं तरी बऱ्याचदा अल्टरनेटर एकटा इंजिन रेटतो. इथे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघांचीही वीज एकाच क्षणी पोचायची थांबली.

घड्याळाला आणि एकदम लावायच्या चारही इंडिकेटरना वीज किल्लीच्या आधीच मिळते, किल्ली काढली तरी. घड्याळ पुसलं गेलं म्हणजे वीज तुटते ती जागा इग्निशन स्विचच्या आधी, बॅटरीच्या बाजूला आहे. स्विचवर पैसे घालू नका.

आता बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरच प्लास्टिकच्या झाकणाखाली मेन फ्यूजची पट्टी असते. बॅटरीची आणि अल्टरनेटरची वीज तिथे एकत्र येते आणि एका जाड वायरने आतल्या फ्यूज बॉक्सला जाते. बॅटरी बदलताना ही पट्टी हलवावी लागते. त्या जाड वायरचा नट अर्धवट राहिला असेल तर तुमच्या गॅरेजवाल्याचं १२.६ आणि १४.२ दोन्ही खरं, पण उपयोग शून्य, कारण त्याने मोजलं ते तुटलेल्या जागेच्या अलीकडे, बॅटरीपाशी.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या पोलवर (क्लॅम्पवर नाही), काळं त्या जाड वायरच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर). इंजिन बंद, किल्ली ऑन, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावा. ०.२ च्या आत हवं. मग तसंच मायनस पोल ते गाडीची धातूची बॉडी, म्हणजे अर्थिंगही तपासून होईल.

दोन सूचना. काही खोलायचं असेल तर आधी मायनस काढा, नाहीतर पाना बॉडीला टेकला की फटाका. आणि ‘चालू गाडीत टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

निवांत_पांथस्थ:
मग मी अल्टरनेटर उगाच बदलला की काय... :(

उंबरठा:
अपडेट. मुलाच्या प्रोजेक्टचा मीटर कामी आला. अर्थिंगला ०.०८. प्लसला १.३! टर्मिनल स्वतः घट्ट आहे, खिळाबिळा नाही. पण मायनस काढून पट्टीवरच्या जाड वायरचा नट धरला तर बोटांनीच दीड फेरा फिरला. खालचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय.

पण मग वीज परत कशी येत होती?

तांब्याची_तार:
एवढा लोड लावला की साधारण ३० अँपिअर जातात. गुणिले १.३ म्हणजे ४० वॅट उष्णता, त्या एका नटाशी. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते! तापलं की प्लास्टिक मऊ होऊन जोड सुटतो, निवलं की पुन्हा टेकतो. पावसाळी रात्री लोड जास्त, म्हणून तेव्हाच. सकाळी दिवे-वायपर नाहीत, म्हणून काही नाही.

नट नुसता आवळून घाटात जाऊ नका. जळालेली पट्टी आतून भरवशाची राहत नाही, नवी टाका. थिंबल काळं पडलं असेल तर कापून नवं क्रिंप करून (दाबून बसवून) घ्या.

उंबरठा:
पट्टी मागवायला चार दिवस गेले, तोवर एसटीने हिंडले. नवी बसवून मोजलं, ०.०६. काल रात्री पावसातच घाट चढून आलो, सगळं लावून. घड्याळ बरोबर आहे. सासऱ्यांनी तरीही डिकीत एक दगड ठेवलाय.

जुनी_एसटी:
दगड राहू द्या. नट किती आवळलात?

उंबरठा:
१० चा पाना, मनगटाच्या जोराने. जास्त पिळला तर बोल्ट प्लास्टिकमधून फिरतो, असं वायरिंगवाला म्हणाला. या वेळी मला म्हणाला, साहेबांना नाही.