वाईच्या घाटांविषयी मोडी कागद किंवा जुनी छायाचित्रे कुणाकडे आहेत का?

सप्रेम नमस्कार. वाईतील कृष्णाकाठचे घाट आणि त्यांवरील देवळे यांची टिपणे मी काही महिन्यांपासून करीत आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

गणपती घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधले. पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची केली आहे, आणि ती रचना मला प्रत्येक वेळी थक्क करते. जवळच मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. मंदिरांविषयी अशी माहिती सहज मिळते. पायऱ्यांविषयी मात्र फारच कमी लिहिले गेले आहे.

पाणी ओसरल्यावर मी खालच्या पायऱ्या पाहिल्या, तेव्हा वरचे दगड रेखीव आणि खालचे ओबडधोबड, अधिक झिजलेले दिसले. हे दोन वेगळ्या काळांतील बांधकाम असावे, की पाण्याखालच्या थरासाठी मुद्दाम तसाच दगड वापरीत? दगडकामाच्या जाणकारांनी कृपया सांगावे. तसेच घाटबांधणीच्या खर्चाचे मोडी कागद, किंवा कृष्णाबाईच्या उत्सवाची, ज्यांत पायऱ्या स्पष्ट दिसतात अशी घरातील जुनी छायाचित्रे कुणाकडे असल्यास त्यांच्या प्रती पाहायला मिळाव्यात, ही विनंती. मोडीचे लिप्यंतर मी स्वतः करून मूळ मालकांना देईन.