मदत हवी आहे: टूसॉन परिसरातील मेक्सिकन-अमेरिकन वारसा आईवडिलांना दाखवायचा आहे

नमस्कार,

आम्ही ॲरिझोनातील चँडलर येथे राहतो. माझे आईवडील वेंगुर्ल्याहून आले असून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आमच्याकडे आहेत. त्यांना घेऊन टूसॉन आणि त्याच्या दक्षिणेचा, टुबाक-टुमाकाकोरीपर्यंतचा सोनोरन वाळवंटाचा पट्टा सावकाशीने पाहण्याचा विचार आहे. सग्वारो निवडुंगांचे राष्ट्रीय उद्यान आणि तेथील पायवाटा यांची माहिती सहज मिळते. मला मदत हवी आहे ती या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांचा वारसा, त्यांच्या खाजगीपणाला धक्का न लावता, नीट समजून घेण्यासाठी.

सर्वप्रथम सान झेवियर देल बाक या चर्चविषयी विचारतो, कारण आईवडिलांना सर्वाधिक ओढ त्याचीच आहे. २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या शवप्रदर्शन सोहळ्याच्या वेळी ते जुन्या गोव्याला जाऊन आले होते, आणि ज्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथील बॉम जेझू बॅसिलिकात आहे, त्यांच्याच नावाचे चर्च ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे हे ऐकून दोघांनाही फार नवल वाटले. हे मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र, १६९२ मध्ये फादर युसेबियो किनो यांनी स्थापन केले. तरुणपणी गंभीर आजारातून उठल्यावर त्यांनी याच संताचे नाव स्वतःच्या नावाला जोडले होते. त्यांनाही संताप्रमाणे पूर्वेकडे जाण्याची इच्छा होती, परंतु चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला मेक्सिको आले. सध्याची पांढरी वास्तू १७८३ ते १७९७ या काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या देखरेखीखाली उभी राहिली. आत संताची आडवी मूर्ती असून भाविक तिचे डोके हलकेच उचलून प्रार्थना करतात, असे वाचले आहे. आमच्यासारख्या अन्यधर्मीयांनी त्या रांगेत उभे राहणे योग्य ठरेल का, की बाजूला थांबून केवळ दर्शन घ्यावे? हे चर्च तोहोनो ओओधम या तेथील मूळनिवासी लोकांच्या भूमीवर असून आजही तेथे नियमित उपासना चालते. त्यामुळे छायाचित्रे काढण्याविषयी तेथील मंडळींची अपेक्षा काय असते, हेही कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. उन्हाळ्यात तेथील तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणून ऑक्टोबरपूर्वी जाणे आम्ही टाळणार आहोत. नोव्हेंबरच्या आरंभी मेक्सिकन कुटुंबे मृतांचा दिवस पाळतात, त्याच महिन्यात टूसॉनमध्ये दिवंगतांच्या स्मरणार्थ ऑल सोल्स मिरवणूक निघते, आणि ३ डिसेंबर हा झेवियर यांचा सणाचा दिवस आहे. तर नोव्हेंबरात जावे की डिसेंबरच्या आरंभी? ही मिरवणूक १९९० मध्ये एका स्थानिक कलावतीने वडिलांच्या निधनानंतर सुरू केली, म्हणजे ती पारंपरिक मेक्सिकन विधीहून वेगळी आहे, एवढे मला समजले आहे. माझे स्वतःचे मत असे की, सर्वपित्री अमावास्येला पितरांना पान वाढणाऱ्या आईला मिरवणुकीच्या गर्दीपेक्षा झेंडूच्या फुलांनी आणि दिवंगतांच्या आवडीच्या पदार्थांनी सजवलेली वेदी अधिक जवळची वाटेल. अशा वेद्या बाहेरच्यांसाठी खुल्या असतात अशी संग्रहालये किंवा सांस्कृतिक केंद्रे कोणास ठाऊक आहेत का?

तिसरे म्हणजे शहरातील जुनी वस्ती. टूसॉनची स्पॅनिश लष्करी गढी १७७५ची. १८२१ नंतर हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोत होता आणि १८५४ मध्ये गॅड्सडेन खरेदीने, म्हणजे मेक्सिकोकडून विकत घेतलेल्या भूभागाबरोबर, अमेरिकेकडे आला. म्हणजे येथील काही घराणी स्थलांतरित नव्हेतच. ती होती तेथेच राहिली आणि त्यांच्यावरील राज्य बदलले. असे असूनही १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली त्यांच्या बारियोचा, म्हणजे जुन्या मोहल्ल्याचा, मोठा भाग पाडून तेथे अधिवेशन केंद्र उभारण्यात आले, ही गोष्ट वाचल्यापासून मनाला लागून राहिली आहे. उरलेल्या बारियो व्हिएहोमधील मातीच्या विटांची रंगीत घरे आणि एल तिरादितो हे मेणबत्त्या लावण्याचे स्थान आम्ही पाहणारच आहोत. परंतु घरांच्या रंगांपुढे छायाचित्रे काढून परतण्यापेक्षा, त्या वस्तीत वाढलेल्या एखाद्या व्यक्तीकडून तिचा इतिहास ऐकायला मिळाला तर आम्हाला अधिक आवडेल. अशा पायी फेऱ्या कोण आयोजित करते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना त्या झेपतील का?

जेवणाचा प्रश्न खरोखरच अडचणीचा आहे. टूसॉनला २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली, आणि स्पॅनिश मिशनांबरोबर आलेल्या गव्हापासून तेथे खानदेशी मांड्यांसारख्या मोठ्या, पातळ टॉर्टिया करतात. आईवडील मात्र पूर्ण शाकाहारी आहेत, आणि टॉर्टियात तसेच शिजवलेल्या घेवड्यातही अनेकदा डुकराची चरबी असते. तेलात किंवा वनस्पती तुपात स्वयंपाक करणारी, तरीही स्थानिक कुटुंबांची असलेली उपाहारगृहे कृपया सुचवावीत. त्यांना तेथील चिल्टेपिन ही रानमिरची आणि टेपरी घेवडा चाखायचा आहे. मिशन गार्डन या जुन्या फळझाडांच्या बागेत असे काही मिळते का?

शेवटचा प्रश्न कागदपत्रांचा. टुबाकहून टूसॉनकडे परतताना आय-१९ महामार्गावर सीमा गस्ती दलाची तपासणी चौकी लागते. मी एच-१बी व्हिसावर आहे आणि आईवडील पर्यटक व्हिसावर. मूळ पारपत्रे आणि आय-९४ या प्रवेशनोंदीची छापील प्रत आम्ही जवळ ठेवणारच आहोत. याखेरीज काही लागते का, आणि इंग्रजी फारसे न बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या वतीने मुलाने उत्तरे दिलेली चालतात का, हे अलीकडे त्या रस्त्याने गेलेल्यांनी सांगितल्यास आभारी राहीन. नोव्हेंबर की डिसेंबर हे ठरले की मुक्कामाचे आरक्षण करायचे आहे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर बरे होईल.